एच-१बी व्हिसा

एच-१बी व्हिसा हा विशेष कौशल्याच्या कामासाठी परदेशी व्यक्तींना दिला जाणारा अमेरिकेचा तात्पुरता व्हिसा आहे. त्यासाठी किमान पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते. अर्ज कर्मचाऱ्याऐवजी नियोक्ता करतो. मुदत सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत असते व सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढवता येते. अलीकडच्या वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्या व्यक्तींसाठीचे आहेत.

इतिहास व संख्यामर्यादा

१९९० च्या इमिग्रेशन ॲक्टने हा व्हिसा सुरू झाला व वार्षिक मर्यादा ६५,००० ठरली. माहिती तंत्रज्ञान क्षेत्राची मागणी वाढल्याने ती २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० करण्यात आली आणि २००४ मध्ये पूर्ववत झाली. त्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी २०,००० जागांची भर पडली. विद्यापीठे व ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. अर्ज मर्यादेहून अधिक आल्यास निवड केली जाते.

स्थानिक कामगारांचे संरक्षण

नियोक्त्याला प्रथम कामगार विभागाकडे हमीपत्र द्यावे लागते. समान काम करणाऱ्यांना दिले जाणारे वेतन आणि त्या भागातील प्रचलित वेतन यांपैकी जे अधिक असेल ते देणे, कामाच्या ठिकाणी सूचना लावणे आणि संप वा टाळेबंदी सुरू असलेल्या जागी नेमणूक न करणे या त्यातील प्रमुख अटी होत. ज्या मोठ्या कंपन्यांत १५ टक्के किंवा अधिक कर्मचारी एच-१बीधारक असतात, त्यांना १९९८ च्या कायद्यानुसार आधी स्थानिक उमेदवार शोधल्याची आणि स्थानिकांना न हटवल्याची हमीही द्यावी लागते. इतर बहुतेक नियोक्त्यांवर हे बंधन नाही.

टीका

प्रचलित वेतनाच्या चार पातळ्यांपैकी पहिल्या दोन स्थानिक मध्यक वेतनाहून खालच्या असतात, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. वार्षिक ६०,००० डॉलर वेतन किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांच्या बाबतीत १९९८ च्या जादा अटी लागू होत नाहीत. ही रक्कम तेव्हापासून बदललेली नाही. समर्थकांच्या मते कुशल मनुष्यबळामुळे संशोधन व नवे उद्योग वाढतात आणि स्थानिकांनाही रोजगार मिळतो.

परदेशी कर्मचाऱ्यांची स्थिती

नोकरी गेल्यास कर्मचाऱ्याला सामान्यतः ६० दिवसांत नवा नियोक्ता शोधावा लागतो, अन्य व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. २००० पासून नियोक्ता बदलणे सुलभ झाले. मात्र कायम निवासाच्या परवान्यांवर प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. या काळातील अवलंबित्वामुळे कमी वेतनाविरुद्ध तक्रार करणे कठीण जाते व त्याचा परिणाम स्थानिकांच्या वेतनावरही होतो, असे काही अभ्यासक मानतात.

२०२५ मधील बदल

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची अट घातली. या आदेशाला न्यायालयांत आव्हान देण्यात आले.