तट्टू व लहान घोड्यांचे जंतनिर्मूलन : लीद तपासून ठरवा वेळापत्रक

धनगरांच्या कळपासोबत ओझे वाहणारी भीमथडी तट्टे, माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारे घोडे, वरातीची घोडी आणि अलीकडे कृषी पर्यटन केंद्रांत दिसणारे मिनिएचर घोडे या सर्वांमध्ये जंतांचा प्रादुर्भाव होतो. अनेक पशुपालक दर तीन महिन्यांनी सर्व जनावरांना एकच जंतनाशक, तेही अंदाजाने देतात. या पद्धतीचे दोन तोटे आहेत. गरज नसलेल्या घोड्याला औषध जाते आणि जंतांमध्ये औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. एकदा निर्माण झालेली ही प्रतिकारशक्ती सहसा परत जात नाही. घोड्यांसाठी जंतनाशकांचे मोजकेच गट उपलब्ध असल्यामुळे त्यांचा वापर जपून करणे गरजेचे आहे. त्यासाठी वेळापत्रक ठरवताना लीद तपासणी, वजन, वय आणि हंगाम या चार बाबींचा विचार करावा.

घोड्यातील प्रमुख जंत

- लहान स्ट्राँगाइल : प्रौढ घोड्यांत सर्वाधिक आढळणारे जंत. यांच्या अळ्या आतड्याच्या आवरणात गाठी करून अनेक महिने राहतात. मोठ्या संख्येने एकदम बाहेर पडल्यास तीव्र हगवण लागते व घोडा झपाट्याने खंगतो. फेनबेंडाझोल व पायरँटेल या औषधांना हे जंत जगभर अनेक ठिकाणी दाद देत नाहीत.
- मोठे स्ट्राँगाइल : यांच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना इजा करतात, त्यातून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. पूर्ण वाढीला सहा महिने किंवा अधिक काळ लागतो, त्यामुळे वर्षातून एक ते दोन वेळा योग्य औषध दिल्यास त्यांचे चक्र तुटते.
- मोठे गोल जंत (परास्कॅरिस) : मुख्यतः शिंगरांचा शत्रू. खोकला, फुगलेले पोट, खरखरीत केस, खुंटलेली वाढ ही लक्षणे. संख्या जास्त असल्यास लहान आतडे तुंबते. यांची अंडी तबेल्याच्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.
- पट्टकृमी : लहान व मोठे आतडे जुळतात त्या भागात चिकटून राहतात व पोटशूळास कारणीभूत ठरतात. नेहमीच्या लीद तपासणीत यांची अंडी अनेकदा दिसत नाहीत.
- बॉट माशीच्या अळ्या : माशी पायांच्या केसांवर पिवळट अंडी घालते. घोडा पाय चाटतो तेव्हा अळ्या तोंडात व पुढे जठरात जातात.
- शेपटी घासायला लावणारे सुईसारखे जंत : यांची अंडी गुदद्वाराभोवती असतात. शेपटीच्या मुळाचे केस झडलेले दिसल्यास शंका घ्यावी.

गाढवांसोबत चरणाऱ्या घोड्याला जुना खोकला असल्यास फुफ्फुसातील जंतांचीही तपासणी करून घ्यावी. गाढवात हे जंत अनेकदा लक्षणे न दाखवता राहतात.

लीद तपासणी कशी करावी?

प्रत्येक घोड्याची ताजी, जमिनीला न लागलेली लीद दोन-तीन गोळे इतकी घ्यावी. पिशवीतील हवा काढून तोंड घट्ट बांधावे, घोड्याचे नाव व तारीख लिहावी. उन्हात ठेवल्यास अंडी उबून तपासणी चुकते, म्हणून नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो 24 तासांत पशुवैद्यकीय दवाखाना, जिल्हा पशुसर्वचिकित्सालय किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्यावा. केवळ ‘अंडी आहेत किंवा नाहीत’ असा अहवाल पुरेसा नसतो. प्रति ग्रॅम लिदीत किती अंडी आहेत, याची मोजणी करून मागावी.

प्रौढ घोड्यांसाठी स्ट्राँगाइल अंड्यांच्या मोजणीचा अर्थ साधारण असा लावतात :

- 200 पेक्षा कमी : कमी अंडी टाकणारा घोडा
- 200 ते 500 : मध्यम
- 500 पेक्षा जास्त : जास्त अंडी टाकणारा घोडा

कळपातील साधारण 15 ते 30 टक्के घोडे एकूण अंड्यांपैकी सुमारे 80 टक्के अंडी टाकतात. निरोगी प्रौढ घोड्याची ही प्रवृत्ती बहुधा वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून ‘जास्त’ गटातील जनावरे ओळखून त्यांच्यावर उपचार केल्यास चराऊ रानातील संसर्ग कमी होतो. ‘कमी’ गटातील घोड्यांमुळे औषधाला दाद देणाऱ्या जंतांची पैदास शिल्लक राहते आणि प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो.

अंड्यांची संख्या म्हणजे पोटातील जंतांची संख्या नव्हे. आतड्याच्या आवरणातील अळ्या अंडी घालत नाहीत. त्यामुळे अहवालात अंडी कमी असूनही घोडा खंगत असेल तर पशुवैद्यकांना दाखवावे.

आधी वजन, मग मात्रा

लहान घोड्यांमध्ये सर्वाधिक चुका येथे होतात. आयव्हरमेक्टिन पेस्टची एक सिरिंज बहुधा 500 ते 600 किलो वजनाच्या घोड्यासाठी असते. तट्टाचे वजन त्याच्या निम्म्याहून कमी, तर मिनिएचर घोड्याचे शंभर किलोच्या आसपास किंवा कमी असते. अंदाजाने दिल्यास मात्रा कमी पडते किंवा कित्येक पट जास्त होते. कमी मात्रेमुळे काटक जंत जिवंत राहतात व प्रतिकारशक्ती वाढते.

वजनकाटा नसल्यास शिवणकामाच्या टेपने पुढील मापे घ्यावीत :

- छातीचा घेर : पुढच्या पायांच्या लगेच मागे, श्वास सोडल्यावर (सेंमी)
- शरीराची लांबी : खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत (सेंमी)

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ 11,880

उदाहरणार्थ, घेर 140 सेंमी व लांबी 130 सेंमी असलेल्या तट्टाचे वजन सुमारे 215 किलो येते. हे सूत्र प्रौढ घोड्यांसाठी असून उत्तर अंदाजे असते. शिंगरू व अगदी बुटक्या मिनिएचर घोड्यांचे वजन शक्यतो काट्यावरच करावे.

औषधाची निवड

पुढील मात्रा तोंडाद्वारे देण्याच्या आहेत. औषध व मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच निश्चित करावी.

- आयव्हरमेक्टिन : प्रति किलो 0.2 मिलिग्रॅम (215 किलोसाठी 43 मिलिग्रॅम). स्ट्राँगाइल व बॉट अळ्यांवर उपयुक्त. शिंगरांतील गोल जंतांवर अनेक ठिकाणी निष्प्रभ ठरले आहे.
- फेनबेंडाझोल : प्रति किलो 7.5 मिलिग्रॅम (215 किलोसाठी सुमारे 1.6 ग्रॅम). शिंगरांतील गोल जंतांसाठी प्रति किलो 10 मिलिग्रॅम.
- पायरँटेल : प्रति किलो 6.6 मिलिग्रॅम मूळ घटक. पट्टकृमींसाठी दुप्पट मात्रा लागते.
- प्राझिक्वांटेल : केवळ पट्टकृमींसाठी, बहुधा आयव्हरमेक्टिनसोबत एकत्रित पेस्टमध्ये.
- मॉक्सिडेक्टिन : आवरणातील अळ्यांवर प्रभावी. हे चरबीत साठते, त्यामुळे कृश जनावर व मिनिएचर घोड्यात जादा मात्रेचा धोका मोठा असतो. सहा महिन्यांखालील शिंगराला देऊ नये.

पुढील बाबी टाळाव्यात :

- गाई-म्हशींचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचू नये. टोचलेल्या जागी सूज येते व गंभीर जिवाणूसंसर्ग होऊ शकतो.
- मेंढ्यांचे मिश्र जंतनाशक उरले म्हणून तट्टाला पाजू नये. त्यात यकृतातील जंतांसाठी घातलेले घटक घोड्यासाठी नसतात.
- गाभण घोडीला कोणतेही जंतनाशक देण्यापूर्वी ते गाभण काळात चालते का, याची खात्री करावी.

राज्यातील हंगामानुसार वेळापत्रक (प्रौढ घोडे)

स्ट्राँगाइलच्या अळ्यांना गवतावर चढण्यासाठी ओलावा व ऊब लागते. त्यामुळे आपल्याकडे संसर्गाचा मुख्य काळ जून ते ऑक्टोबर हा असतो. कडक उन्हात मोकळ्या रानातील अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात.

- जुलै : पाऊस सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी सर्वांची लीद तपासणी. मध्यम व जास्त गटातील घोड्यांनाच औषध.
- सप्टेंबर : फक्त जास्त गटातील घोड्यांची पुन्हा तपासणी व गरजेनुसार उपचार.
- ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर : सर्व प्रौढ घोड्यांना आयव्हरमेक्टिन. पट्टकृमींची शक्यता असल्यास प्राझिक्वांटेलसह.
- फेब्रुवारी-मार्च : लीद तपासणी. फक्त जास्त गटाला उपचार.
- एप्रिल-मे : कारण नसताना सरसकट औषध देऊ नये. या काळात रानात अळ्या जवळपास नसतात. औषधातून वाचलेले जंतच पुढील पावसाळ्यातील पिढीचे मूळ ठरतात.

वर्षभर तबेल्यात बांधलेल्या घोड्यांना स्ट्राँगाइलचा धोका कमी असतो. मात्र घोड्यांची लीद पडणाऱ्या रानातील ओला चारा कापून आणत असल्यास तो धोका कायम राहतो.

शिंगरांसाठी वेगळे वेळापत्रक

- 2 ते 3 महिने : गोल जंतांसाठी फेनबेंडाझोल.
- 4 ते 6 महिने : लीद तपासून अंडी गोल जंतांची की स्ट्राँगाइलची, हे पाहून औषध.
- 9 व 12 महिने : स्ट्राँगाइलसाठी उपचार. पैकी एका वेळी पट्टकृमींचाही विचार करावा.

पोट फुगलेल्या, कधीच औषध न दिलेल्या शिंगराला घरच्या घरी औषध देऊ नये. आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेलने गोल जंत एकाच वेळी लुळे पडतात, त्यांचा गोळा होऊन आतडे तुंबते आणि शिंगरू दगावू शकते.

औषध लागू पडले का?

उपचाराच्या दिवशी व त्यानंतर 14 दिवसांनी त्याच घोड्याची लीद तपासावी. आधी 800 व नंतर 160 अंडी आढळल्यास घट 80 टक्के आहे, म्हणजे औषध समाधानकारक नाही. स्ट्राँगाइलसाठी फेनबेंडाझोलने 90 टक्क्यांपेक्षा किंवा आयव्हरमेक्टिनने 95 टक्क्यांपेक्षा कमी घट झाल्यास प्रतिकारशक्तीची शंका घ्यावी. त्यापूर्वी वजन व मात्रा बरोबर होती का आणि घोड्याने पेस्ट थुंकली नाही ना, हे तपासावे. निष्कर्ष शक्यतो पाच-सहा घोड्यांच्या सरासरीवर काढावा.

व्यवस्थापन

- चराऊ जागेतील लीद आठवड्यातून दोनदा उचलावी व ढीग लावून पूर्ण कुजवावी. पावसाळ्यात ताजी लीद रानात पसरू नये.
- चंदी तोबऱ्यात व चारा गव्हाणीत द्यावा, जमिनीवर टाकू नये.
- घोड्यांच्या रानात मेंढ्या किंवा गाई आलटून-पालटून चाराव्यात. घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात वाढत नाहीत, त्यामुळे गवतावरील अळ्या कमी होतात. धनगरांच्या फिरत्या कळपाला हा फायदा आपोआप मिळतो.
- पायांवरील बॉट माशीची अंडी खरारा करताना खरवडून काढावीत.
- सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेला घोडा लगेच कळपात सोडू नये. वेगळा बांधून लीद तपासावी, उपचार करावेत व 14 दिवसांनी पुन्हा तपासून मगच चरायला सोडावा.

नोंद ठेवा

प्रत्येक घोड्यासाठी एक पान ठेवून त्यावर तारीख, वजन, अंड्यांची संख्या, औषधाचे नाव, मात्रा व 14 दिवसांनंतरची संख्या लिहावी. दोन वर्षांच्या नोंदींवरून कोणत्या घोड्याला वारंवार औषध लागते व कोणाला वर्षातून एकदाच पुरते, हे स्पष्ट होते.

पोटाकडे वळून पाहणे, वारंवार लोळणे, लीद बंद होणे, तीव्र हगवण किंवा औषध दिल्यावर तोल जाणे, ओठ लोंबणे, सुस्ती ही लक्षणे दिसल्यास वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावे.