शेऱ्यांची वही

परवा माळा आवरताना १९७८ सालची माझी वर्गाची वही सापडली. प्रगतिपुस्तकात लिहायचे शेरे मी आधी तिच्यात उतरवून ठेवत असे. मुलांपुढे लिहिले होते ‘हुशार, पण आळशी’, ‘समज चांगली, अभ्यास वाढवावा’. मुलींपुढे ‘कष्टाळू’, ‘अक्षर सुरेख’, ‘पाठांतर उत्तम’. ‘हुशार’ एकाही मुलीपुढे नाही. आणि त्या वर्षी वर्गात पहिली आली होती ती मुलगीच!

हे मी कुठून शिकले? इतिहास शिकवणारी मी, सवयीने मागे गेले. १८८२ सालच्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि घरसंसाराला धरून असावा, अशी शिफारस केली होती. अण्णासाहेब कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. तरी १९१६ साली त्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठात गृहशास्त्र आणि आरोग्य यांना मुद्दाम जागा होती, कारण स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे असे तेही मानत. पुढे १९६०च्या दशकात हंसा मेहता समितीने सांगितले, की मुलगा-मुलगी म्हणून शालेय विषय वेगळे नकोत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ते उचलून धरले.

म्हणजे मी शिकवायला लागले तेव्हा कागदावरचा भेद मिटत आला होता. नजरेतला मात्र तसाच होता, मी स्वतः बाई असूनही.

त्याच वर्गातल्या एका मुलीने पानिपतावरच्या उत्तरात लिहिले होते, की लढाईआधीच रसद तुटून सैन्य उपाशी होते, मग हरण्याचे कारण रणांगणावर कशाला शोधायचे? पुस्तकात असले वाक्य नव्हते. तरी मी लाल शाईने शेरा मारला, ‘पाठांतर छान’.

“बाई, हे मी पाठ नव्हतं केलं,” ती म्हणाली.

“बरं, बस जागेवर.”

आता तिने साठी ओलांडली असेल. काल मी वहीत तिच्या नावापुढे ‘हुशार’ लिहिले. पण प्रगतिपुस्तक तर केव्हाच तिच्या घरी गेले, आणि तिच्या वडिलांनी ते वाचून सही केली.

तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, तर यंदाचे शेरे एकदा नावे झाकून वाचा. मुलगा कोणता, मुलगी कोणती हे नुसत्या शेऱ्यावरून ओळखता आले, तर ते पुन्हा लिहा.