पाठीवरचं ओझं, जंगलातली वाट

मुलांना तिने एवढंच सांगितलं, की जरा फिरून येते. श्रोतेहो, हे फिरणं १४६ दिवस चाललं. ३ मे १९५५ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जिया राज्यातून निघालेली एमा गेटवुड २५ सप्टेंबरला थेट उत्तरेच्या मेन राज्यात, माउंट कटाडिनच्या माथ्यावर पोचली. अंतर सुमारे ३३०० किलोमीटर, सगळं डोंगरदऱ्यांतलं. वय ६७. ओहायोतल्या शेतावर राबून अकरा मुलं वाढवलेली, नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून अखेर घटस्फोट घेतलेली ही बाई. अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची ही पायवाट एका दमात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री.

पण आज मला सांगायचं आहे ते तिच्या बोचक्याविषयी. जीनच्या कापडाची, घरी शिवलेली एक पिशवी, तीही खांद्यावर टाकायची. तीत एक लष्करी ब्लँकेट, रेनकोट, आणि न्हाणीघरात लावतात तसला प्लास्टिकचा पडदा. पाऊस आला की हाच पडदा तिचं छप्पर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पायात कॅनव्हासचे साधे बूट. तसले अनेक जोड तिने वाटेत झिजवले. खायला मनुका, शेंगदाणे, डबाबंद सॉसेज. सगळं मिळून आठ-नऊ किलो. देहू-आळंदीहून निघालेल्या एखाद्या माळकरी आजीला ही पिशवी ओळखीची वाटली असती.

कमी ओझ्याचा हा विचार तिच्याही आधीचा. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावात जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक चांभार राहत असे. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो शिकार-भटकंतीच्या मासिकात लिही. अंगाने किरकोळ, छातीने अधू. पन्नास किलोच्या आसपासच्या माणसाने जड होडी डोक्यावर घेऊन एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत चालायचं कसं? त्याने रश्टन नावाच्या कारागिराकडून होड्या करवून घेतल्या, एकीपेक्षा एक हलक्या. १८८३ साली ज्या होडीतून तो अ‍ॅडिराँडॅकच्या रानात ४०० किलोमीटरवर हिंडला, तिचं वजन पावणेपाच किलो होतं! नाव ठेवलं सेरी गँप. ही डिकन्सच्या कादंबरीतली दारूबाज सुईण; ती पाण्याला शिवत नसे, तशी ही होडीही पाणी आत घेणार नाही, असा त्यातला विनोद. होडी, कपडे, पांघरूण, दोन दिवसांचा शिधा धरून त्याचं ओझं बारा किलोंच्या आत राही. पुढच्याच वर्षी त्याने ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक लिहिलं.

मग हा धडा विसरला कसा गेला? माझ्या मते त्याचं श्रेय सोयींना द्यायला हवं. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची पाठपिशवी बाजारात आणली. वजन खांद्यांवरून कमरेवर उतरलं. वाहणं सोपं झालं, म्हणून माणसं जास्त वाहू लागली. पंचवीस-तीस किलोंची पिशवी आणि घोट्यापर्यंतचे जाड चामडी बूट हे पट्टीच्या भटक्याचं लक्षण ठरलं.

या समजुतीला धक्का दिला रे जार्डिन या माणसाने. मूळचा विमान-अवकाश क्षेत्रातला इंजिनीअर आणि प्रस्तरारोहक. खडकाच्या भेगेत अडकवायचं ‘फ्रेंड’ हे साधन त्याचंच. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल तो पत्नीसह अनेकदा चालला, आणि १९९२ साली त्याने त्या वाटेवरचं हस्तपुस्तक काढलं. त्याचं म्हणणं हिशेबी होतं. स्लीपिंग बॅगेचा अंगाखाली दबणारा भाग ऊब देतच नाही, कारण ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा. मग तो भाग कापून टाका, गोधडी घ्या. तंबूऐवजी ताडपत्रीसारखं हलकं नायलॉनचं कापड ताणा. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, म्हणून धावायचे बूट घाला. आणि छत्री न्या! अन्न, पाणी, इंधन सोडून बाकीचं ओझं दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत असलं की त्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणायची रीत पुढे पडली.

आता खरा प्रश्न. हलकं म्हणजे सुरक्षित का? काही अंशी हो. दमलेला माणूस ठेचकाळतो, उशिरा पोचतो, अंधारात वाट चुकतो. पण एमाबाईंची सगळीच गोष्ट आपण सांगत नाही. १९५४ साली त्यांनी उत्तरेकडून सुरुवात केली होती. मेनच्या रानात वाट चुकली, चश्मा फुटला, आणि वनरक्षकांनी त्यांना घरी जायला सांगितलं. १९५५च्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. व्हरमाँटमधल्या फुगलेल्या ओढ्यातून नौदलाच्या नोकरीतल्या दोन तरुणांनी दोरी बांधून त्यांना पार नेलं. ते तिथे नसते तर? वाट इतकी अवघड आहे हे ठाऊक असतं तर निघालेच नसते, असं त्यांनीच पुढे सांगितलं. (आणि १९५७ साली ती पुन्हा चालल्या!)

जीनचं कापड सुती. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. यासाठी बर्फ लागत नाही. आठ-दहा अंश तापमान, पाऊस आणि वारा पुरतो. माणूस आधी कुडकुडतो, मग बोलताना अडखळतो, मग त्याला चुकीचे निर्णयही बरोबर वाटू लागतात. म्हणून अनुभवी लोक पिशवीतला एक कोरडा, लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा जोड कितीही मोह झाला तरी काढत नाहीत.

सिएटलच्या ‘माउंटेनिअर्स’ संस्थेने १९३०च्या दशकापासून शिकाऊ गिर्यारोहकांना दहा वस्तूंची यादी शिकवली: नकाशा, होकायंत्र, काळा चश्मा, जादा कपडे, जादा अन्न, विजेरी, प्रथमोपचार, चाकू, काड्यापेटी, आग पेटवायचं साधन. १९७४ साली ती त्यांच्या पाठ्यपुस्तकात छापली गेली. नवशिका भटक्या वजन कमी करायला बसला, की बहुधा इथेच कात्री लावतो, कारण या वस्तू रोज लागत नाहीत. खरं तर सगळ्या मिळून त्या दीड-दोन किलोही भरत नाहीत. वजन असतं ते पिशवी, निवारा आणि अंथरूण या तिघांत. कपात करायची तर तिथे.

आता उपग्रहामार्फत मदत मागणारी, शंभर ग्रॅमची यंत्रं मिळतात. मोबाइलची रेंज नसलेल्या दरीतून त्यांनी अनेकांना परत आणलं आहे. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि संदेश पोचला तरी माणसं चालत यायला तास लागतात, कधी अख्खी रात्र. तेवढा वेळ तो जादा कोरडा सदराच अंगावर असतो.