टायरच्या कडेवरची अक्षरे : नागपूरच्या उन्हातून एक इतिहासधागा

(१)
स्पोर्ट्स मोटरसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झाला की दुकानात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा देऊ?" खरे तर त्याआधीच्या प्रश्नांची उत्तरे जुन्या टायरच्या कडेवरच छापलेली असतात. उदाहरणार्थ, १४०/७० आर १७ ६६ एच. या ओळीतील प्रत्येक खुणेमागे एक कालखंड आहे. तो ठाऊक असला की निवड सोपी होते. आजचा धागा त्याविषयी.

(२)
आरंभ रबरापासून करू. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने त्याला स्थैर्य दिले. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने साकारली आणि ती जगभर पसरली.

(३)
सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत. १९१० च्या दशकात रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळण्याचा प्रघात पडला आणि टायरची झीज पुष्कळ कमी झाली. टायरचा काळा रंग हा असा टिकाऊपणाच्या शोधातून आलेला आहे.

(४)
भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे उभा राहिला. मूळच्या तुरिन येथील सिएट कंपनीने १९५८ मध्ये मुंबईत पाय रोवला आणि भांडुपला टायर बनू लागले. परवाना-राजच्या त्या काळात वाहने मोजकी होती आणि उत्पादकही मोजकेच. मोटरसायकलस्वारासमोर निवड अशी फारशी नव्हतीच. जो टायर मिळेल तो आपला.

(५)
त्या काळाची खूण म्हणजे इंचांतील मापे. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चा मागचा टायर २.७५–१८ मापाचा होता : रुंदी पावणेतीन इंच, रिम अठरा इंचांची. पावणेतीन इंच म्हणजे जेमतेम ७० मिलिमीटर. आजच्या १५० सीसी वर्गातील स्पोर्ट्स मोटरसायकलला याच्या दुप्पट रुंदीचा मागचा टायर असतो.

(६)
१९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर ही संक्रमणाची उदाहरणे. दोन्हींचा पुढचा टायर इंचांत (२.७५–१८), तर मागचा मेट्रिक (१००/९०–१८). मेट्रिक मापात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, हे प्रमाण. १४०/७० म्हणजे रुंदी १४० आणि उंची ९८ मिलिमीटर. रिमचे माप मात्र आजही इंचांतच सांगितले जाते. एकाच ओळीत दोन मापनपद्धती नांदतात त्या अशा.

(७)
आता 'आर', म्हणजे रेडियल. जुन्या बायस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात. रेडियलमध्ये मुख्य धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि त्यांवर वेगळा पट्टा असतो. त्यामुळे थरांतले घर्षण घटते आणि टायर कमी तापतो. मिशेलिनने मोटारींसाठी याचे पेटंट १९४६ मध्ये घेतले. मोटरसायकल वळणावर कलते, तिचे गणित अधिक अवघड. म्हणून तिच्यासाठी रेडियल यायला १९८० चे दशक उजाडले.

(८)
आपल्याकडे हा बदल आणखी उशिरा आला. २००८ च्या यामाहा आर१५ चा मागचा टायर १००/८०–१७ होता. २०११ च्या नव्या आवृत्तीत तो १३०/७० आर १७ झाला. पुढचा मात्र बायसच राहिला. म्हणजे पुढे बायस व मागे रेडियल ही जोडी कंपनीने स्वतः आखून दिलेली असू शकते. आपल्या मनाने अशी सरमिसळ मात्र करू नये. पुढे रेडियल आणि मागे बायस ही उलटी जोडी तर सर्वथा टाळावी.

(९)
पुढचे वळण चाकणचे. बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक २०० ही २०१२ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक मेट्झेलर या परदेशी टायरांसह अवतरली. महागड्या टायरची चव मध्यमवर्गीय तरुणाला लागली ती इथे. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात 'निर्बंधित' वर्गात टाकली. मोटरसायकलचे टायरही त्यात आले. परवान्याखेरीज आयात थांबली आणि देशी रेडियलला बाजारपेठ मोकळी झाली. दुकानातील मांडणीवर काय दिसते, हे असे धोरणांतूनही ठरते.

(१०)
या कथेत नागपूर केवळ ग्राहक नाही. शहराच्या दक्षिणेस बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत सिएटने २०१६ मध्ये दुचाकींच्या टायरांचा कारखाना सुरू केला. ज्या शहराच्या उन्हात टायर सर्वाधिक तापतो, त्याच्याच वेशीवर आज टायर घडतो.

(११)
या उन्हाचा हिशेब नीट समजून घ्यावा. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. समजा, २७ अंशांच्या पहाटे टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली. दुपारी आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली की तोच दाब सुमारे ३४ होतो. "हवा जास्त झाली" असे समजून अनेकजण ती सोडतात. पण कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक वाकतो आणि त्यामुळेच अधिक तापतो. दाब नेहमी थंड टायरचाच मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ठेवावा.

(१२)
दुसरा मुद्दा सरळ रस्त्यांचा. आपले वर्धा, अमरावती, जबलपूर हे मार्ग बहुतांशी सरळसोट. शहरात सिमेंटचे रस्ते वाढले आहेत. अशा रस्त्यांवर टायर मधोमध झिजून सपाट होतो. मग चिखलदऱ्याच्या घाटात गाडी कलवताना त्या सपाट पट्ट्याची कड मध्ये येते आणि गाडी अडखळल्यासारखी वळते. शर्यतीच्या मैदानासाठीचा मऊ टायर इथे लवकर संपतो. मध्ये कठीण आणि कडांना मऊ रबर असलेला दुहेरी रबराचा टायर नागपूरकराला अधिक उपयोगी.

(१३)
आता रुंदीचा मोह. "१४०/७० ऐवजी १५०/६० टाका, गाडी भारी दिसेल," असा सल्ला सर्रास मिळतो. सतरा इंची रिमवर पहिल्याचा व्यास भरतो सुमारे ६२८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६१२. सोळा मिलिमीटरचा हा फरक गाडीची मागची बाजू आठ मिलिमीटरने खाली आणतो. वळताना ती जड वाटते. वेग मागच्या चाकावरून मोजला जात असेल तर काट्याचा आकडाही बदलतो. शिवाय रिम अरुंद असेल तर रुंद टायर तिच्यावर चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. रुंदी वाढवूनही पकड घटते ती अशी.

(१४)
उरले ६६ आणि एच. ६६ म्हणजे त्या टायरवर ३०० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०. कंपनीने दिलेल्या खुणेपेक्षा खालची खूण स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. वेगाबरोबर उष्णता वाढते आणि ती सोसण्याची मर्यादा हे अक्षर सांगते.

(१५)
शेवटी दोन बारीक खुणा. अंडाकृती चौकटीतील चार अंक उत्पादनाचा काळ सांगतात : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. 'नवा' म्हणून समोर ठेवलेला टायर कधीचा आहे ते पैसे देण्यापूर्वी वाचावे. दुसरी खूण नक्षीच्या खाचांतील उंचवट्यांची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. नागपूरचा पहिला जोरदार पाऊस त्या मर्यादेची वाट पाहत नाही. खाचा उथळ झाल्या असतील तर जूनपूर्वीच टायर बदलावा.

(१६)
धावती मोटरसायकल रस्त्याला टेकते ती दोनच ठिकाणी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर. तेवढ्या जागेसाठी पावणेदोनशे वर्षांचे प्रयोग, अपघात, कायदे आणि कारखाने खर्ची पडले आहेत. त्यांचा निष्कर्ष कडेवरच्या एका ओळीत मावतो. दुकानात आधी ती ओळ जुळवावी, मग तारीख पाहावी, मग आपल्या रस्त्याला साजेसे रबर निवडावे. कंपनीचे नाव त्यानंतर.

धागा समाप्त. आपल्या टायरवरची ओळ आणि तारीख खाली लिहा, मिळून वाचू.