पीएसटी फायलींचे अभिलेखागारात स्थलांतर

पीएसटी फायलींचे अभिलेखागारात स्थलांतर : कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर विखुरलेला ईमेलचा साठा शोधून, त्याची मालकी ठरवून, तो संस्थेच्या मध्यवर्ती अभिलेखागारात रुजू करण्याचे काम. पीएसटी ही मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या प्रणालीची वैयक्तिक संचयाची फाइल होय. १९९७ मध्ये आउटलुक प्रसृत झाले, तेव्हा सर्व्हरवरील जागा महाग आणि मेलबॉक्सची मर्यादा तुटपुंजी असल्यामुळे, बॉक्स भरला की जुने मेल आपल्या यंत्रावरील पीएसटीत हलवावेत, असा शिरस्ता पडला; आणि ज्या पत्रव्यवहारावर संस्थेचे करारमदार, देणीघेणी व निर्णय उभे होते तो, कोणी तसा हुकूम दिलेला नसताना, दप्तराबाहेर गेला.

आरंभीच्या पीएसटीची कमाल मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडल्यामुळे उघडेनाशा झालेल्या फायली वाचवण्यासाठी त्यांचा काही अंश छाटून टाकणारे साधन खुद्द मायक्रोसॉफ्टला पुरवावे लागले. आउटलुक २००३ ने ही मर्यादा २० जीबीवर आणि आउटलुक २०१० ने ५० जीबीवर नेली. पात्र मोठे झाले तरी दोष तसेच राहिले. आउटलुक चालू असेपर्यंत फाइल अडकून राहते, त्यामुळे नित्याच्या बॅकअपमधून ती अनेकदा निसटते. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधून ती वापरण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. आणि तिला घातलेला पासवर्ड हा नावापुरताच बंदोबस्त आहे.

योजनेचा अवघड भाग मेल वाहून नेण्यात नसून, कोणती फाइल कोणाची, हे ठरविण्यात असतो. आउटलुकच्या स्वयंसंचयनात फाइलीला मुळातच ‘आर्काइव्ह.पीएसटी’ हे नाव मिळत असल्याने, झाडाझडती घेतली असता एकाच नावाच्या डझनावारी फायली हाती लागतात. तारखेवरूनही निवाडा होत नाही, कारण एकही मेल न हलवता आउटलुकमध्ये फाइल नुसती उघडली तरी तिची ‘अखेरच्या बदलाची’ तारीख पालटते, आणि वर्षानुवर्षे न वाचलेला साठा कालच हाताळल्यासारखा दिसतो. अशा वेळी फाइलीच्या आत जाऊन, पाठविलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये प्रेषक म्हणून कोणाचे नाव पुनःपुन्हा येते, हे पाहणे हाच भरवशाचा पुरावा. नोकरी सोडून गेलेल्यांच्या फायलींचा ताबा कोणाकडे जावा, हा निर्णय तंत्रज्ञाने परस्पर न घेता, संबंधित खातेप्रमुखाकडून लेखी घेतला पाहिजे. त्या फायलींत माणसांचे खाजगी आयुष्यही असते, याचे भान सुटता कामा नये.

फायलींची व त्यांच्या मालकांची यादी पुरी होताच, पीएसटीत नवी भर घालण्यास प्रशासकीय धोरणाद्वारे मनाई करावी. वाचण्याची मुभा मात्र ठेवावी. ही मनाई आधी न केल्यास एका बाजूने उपसा आणि दुसऱ्या बाजूने भरणा चालू राहतो.

जतनाची मुदत हा या कामातील सर्वांत धोक्याचा मुद्दा आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांतून अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ‘अ’ वर्ग कायम राखतात आणि ‘ड’ वर्ग अल्पावधीत नष्ट करतात. ईमेलच्या अभिलेखागारातही वयोमर्यादा उलटलेले मेल आपोआप नष्ट करणारे नियम लावलेले असतात. सात वर्षांची मुदत असलेल्या अभिलेखागारात बारा वर्षांपूर्वीचा मेल मोठ्या कष्टाने आणून ठेवावा आणि नियमाने त्याच रात्री तो पुसून टाकावा, असे सहज घडू शकते. म्हणून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आयातसेवेत आयातीनंतर त्या मेलबॉक्सपुरती नियमाची अंमलबजावणी अनिश्चित काळ तहकूब राहते आणि ती पुन्हा केव्हा सुरू करावी हे प्रशासकाने ठरवायचे असते. अन्य साधने वापरणाऱ्यांनी हा बंदोबस्त आगाऊ करावा. न्यायप्रविष्ट प्रकरणाशी संबंधित मेल तर मुदत संपली तरी नष्ट करता येत नाहीत.

प्रत्यक्ष वाहतुकीचे दोन मार्ग मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आयातसेवेत आहेत : फायली नेटवर्कवरून चढविणे किंवा बिटलॉकरने कूटबद्ध केलेली हार्ड डिस्क पाठविणे. कोणती फाइल कोणाच्या मेलबॉक्समध्ये जावी, हे दोन्ही मार्गांत सीएसव्ही तक्त्याने सांगावे लागते. १५० एमबीहून मोठे मेल वगळले जातात. वगळलेल्यांची यादी जपून, तीतील प्रत्येकाचा हिशेब लागल्यावाचून मूळ फाइल पुसू नये.

भारतात १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्याचे हॅश मूल्य, म्हणजे त्याच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण, नमूद करावे लागते. आउटलुकने फाइल एकदा उघडली की हे मूल्य बदलू शकते. म्हणून ते स्थलांतराच्या आधी, आउटलुक बंद असताना काढून नोंदवहीत उतरवून ठेवावे लागते.