काठी, नकाशा आणि दीड हजार पानं

२६ नोव्हेंबर जवळ आला की मोबाईलवर तुकाराम ओंबळे यांचा फोटो फिरायला लागतो. खाली ठरलेली ओळ: नुसत्या काठीनिशी कसाबला पकडणारा वीर. खोटं काहीच नाही त्यात. पण मला दरवेळी वाटतं, गोष्ट जिथे सुरू होते तिथेच आपण ती संपवतोय. ओंबळ्यांनी आपल्याला नक्की काय मिळवून दिलं हे समजून घ्यायचं तर चौपाटीवरून आर्थर रोड जेलपर्यंत जावं लागतं.

आधी चौपाटी. सीएसटी आणि कामा हॉस्पिटलनंतर कसाब आणि इस्माईल यांनी करकरे, कामटे, साळसकर यांना मारलं आणि पोलिसांचीच क्वालिस घेऊन पळाले. गाडीत मागे जखमी होऊन पडलेले अरुण जाधव मेलेत असं त्यांना वाटलं. पुढे क्वालिसचा टायर गेला, दोघांनी एक स्कोडा बळकावली, आणि मागे राहिलेल्या जाधवांनी वायरलेसवरून खबर दिली. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी होती. मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. हेडलाईट पूर्ण चालू, काचेवर पाणी, वायपर चालू.. म्हणजे आतलं काही दिसायलाच नको! मग गाडी वळवायला गेले आणि दुभाजकात अडकले. इस्माईल गोळीबारात मेला. कसाबच्या एके-४७ची नळी ओंबळ्यांनी धरली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. ते फौजेतून निवृत्त होऊन १९९१ साली पोलिसात आलेले. ती बंदूक काय करते हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत होतं.

यानंतरचा एक क्षण फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. साथीदार रक्ताच्या थारोळ्यात पडलेला, आणि बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले. साहजिकच आहे. त्यांना थांबवलं ते संजय गोविलकर यांनी, आणि त्यांना स्वतःला गोळी लागली होती! हा जिवंत राहिला पाहिजे, हा पुरावा आहे, हे त्या माणसाला त्या अवस्थेत सुचलं. आमच्या धंद्यात सर्व्हर आडवा झाला की आधी लॉग वाचवायचे असतात, आणि नेमकं घाबरलेल्या टीमला तेच सुचत नाही. दहापैकी नऊ जण काही न सांगता मेले. उरलेल्या एकामुळे हे लोक कुठून आले, कोणी शिकवलं, कोणत्या बोटीतून आले, हे सगळं कोर्टासमोर मांडता आलं.

आता आर्थर रोड. तेव्हाची हवा आठवते ना? लोकलमध्ये, ऑफिसात, रिक्षात एकच वाक्य: खटला कशाला हवा, चौकात लटकवा. वकिलांच्या एका संघटनेनं त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव केला. कोर्टाने नेमलेल्या वकील अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला. आणि ती बिर्याणी! कसाब जेलमध्ये मटण बिर्याणी मागतो म्हणून अख्खा देश चिडला होता. ती गोष्ट आपण रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. पण बिर्याणी अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. असो.

जेलच्या आवारातल्या त्या कोर्टात न्यायमूर्ती ताहिलियानी यांनी जे केलं ते मला ओंबळ्यांच्या गोष्टीचाच पुढचा भाग वाटतो. २० जुलै २००९ ला कसाबने भर कोर्टात अचानक गुन्हा कबूल केला. तिथेच संपवता आलं असतं. पण खटला चालूच राहिला, सहाशेच्या वर साक्षीदार तपासले गेले. त्या रात्री जी माणसं आपापल्या जागी उभी राहिली त्यांतली कितीतरी इथे पुन्हा उभी राहिली. कामातल्या वीस गरोदर बायकांना सुरक्षित ठेवणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे आल्या. सीएसटीवर कसाबचा तो प्रसिद्ध फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसोझा आले. पायाला गोळी लागलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने त्याला ओळखलं. बंदुकीसमोर उभं राहणं हे शौर्य आहेच, पण काही महिन्यांनी त्याच माणसाकडे बोट दाखवणं हेही काही कमी नाही.

३ मे २०१० चा निकाल १,५२२ पानांचा आहे. कसाब दोषी. पण त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. पोलिसांचं म्हणणं होतं की अन्सारीने काढलेला नकाशा मेलेल्या इस्माईलच्या खिशात सापडला. पँट रक्ताने माखलेली, आणि नकाशा मात्र स्वच्छ! कोर्टाने विश्वास ठेवला नाही. पुढे उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या, कसाबची फाशी आणि या दोघांची सुटका. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली. लोकांना तारीख पाठ असते, नकाशा कोणाला आठवत नाही. माझ्या मते त्या निकालाचं वजन त्या नकाशातच आहे. सुटकेचा दरवाजा खरोखर उघडा होता, म्हणून फाशीलाही अर्थ आला.

आणि दरवाजा उघडा नसला की काय होतं तेही याच शहराने पाहिलंय. ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलचे सात फर्स्ट क्लासचे डबे, काही मिनिटांत सात स्फोट, १८० च्या वर माणसं गेली. तिथे कोणी ओंबळे असणं शक्यच नव्हतं, बॉम्ब ठेवणारे उतरून गेले होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब मारहाण करून घेतल्यासारखे, ओळख पटवणारे साक्षीदार भरवशाचे नाहीत. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत जेलमध्ये जायला सांगितलं नाही. एक आरोपी तोवर जेलमध्येच वारला होता.

म्हणजे बघा, संध्याकाळी ऑफिसातून घरी निघालेल्या, तुमच्या-आमच्यासारख्या त्या माणसांच्या घरच्यांकडे एकोणीस वर्षांनी काय होतं? दोन कोर्टांचे दोन उलटे निकाल, आणि डबा कोणी उडवला हा प्रश्न जिथल्या तिथे.