एफ. ए. कप स्पर्धेतील सोडत आणि स्वमैदानाचा हक्क

बाद पद्धतीच्या स्पर्धेत दोन संघांची गाठ एकदाच पडावयाची असते. ती कोणाच्या मैदानावर पडावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु ओळखीच्या मैदानावर, आपल्याच गावच्या प्रेक्षकांपुढे आणि प्रवासाचा शीण नसताना खेळणाऱ्या संघाचे पारडे जड असते, हे एकदा मान्य केले म्हणजे मैदान ठरविणे हा निकाल ठरविण्याचाच एक भाग होऊन बसतो. साखळी स्पर्धेत ह्यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक जोडीने आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर खेळावे. बाद स्पर्धेस ती सोय नाही. इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशनच्या चषकस्पर्धेने, म्हणजे 'एफ. ए. कप' ह्या नावाने सर्वश्रुत असलेल्या स्पर्धेने, १८७१ पासून ह्या प्रश्नास वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, क्रीडाशास्त्राचा नव्हे. तथापि नियम हाही एक भाषिक लेखच असतो, आणि त्याच्या शब्दांमागील न्यायकल्पना कशी पालटत गेली हे पाहण्यास एवढा अधिकार पुरेसा व्हावा. प्रतिपादन थोडक्यात असे की, स्वमैदानाच्या बाबतीत ह्या स्पर्धेत जी काही समता होती ती सोडतीने आणलेली नव्हती. ती फेरसामन्याच्या नियमात होती, आणि तो नियम २०२४-२५ च्या हंगामापासून स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांतून काढून टाकण्यात आला आहे.

स्पर्धेची कल्पना असोसिएशनचे चिटणीस सी. डब्ल्यू. आल्कॉक ह्यांची. ते हॅरो शाळेचे विद्यार्थी. तेथील निरनिराळ्या वसतिगृहांच्या संघांत बाद पद्धतीची स्पर्धा होत असे व तीवरून त्यांस ही कल्पना सुचली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ह्या उगमाचा एक परिणाम मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. शाळेतील सगळी वसतिगृहे शाळेच्याच मैदानांवर खेळत. तेथे यजमान कोणी नव्हता आणि पाहुणाही कोणी नव्हता. म्हणजे जी रचना देशव्यापी स्पर्धेसाठी उचलली गेली तिच्यात आपला प्रश्न जन्मासच आलेला नव्हता. आपल्याकडील जुन्या स्पर्धांचीही स्थिती काहीशी अशीच होती. मुंबईच्या रोव्हर्स चषकासाठी (स्थापना १८९१) दूरदूरचे संघ एकाच शहरी येत आणि कूपरेजवर खेळत. स्थानिक संघांना प्रेक्षकांचे पाठबळ मिळे ही गोष्ट निराळी, पण मैदान कोणाचे हा वाद सोडतीच्या वेळी उद्भवत नसे.

१८७१-७२ च्या पहिल्या स्पर्धेत १५ संघांनी नावे नोंदविली. त्यांतील बहुतेक लंडन व त्याच्या आसपासचे. जे दोन संघ खरोखरी दूरचे होते, ग्लासगोचा क्वीन्स पार्क आणि लिंकनशायरमधील डॉनिंग्टन स्कूल, त्यांचीच पहिल्या फेरीत गाठ घालण्यात आली. सामन्याचे उभयतांस जमले नाही, आणि असोसिएशनने दोघांनाही पुढील फेरीत घेतले. पुढे डॉनिंग्टनने माघार घेतली. क्वीन्स पार्कला एकही सामना न खेळता थेट उपांत्य फेरीत स्थान मिळाले. तेथे लंडनमध्ये वांडरर्स संघाशी त्यांनी बरोबरी साधली. परंतु पुन्हा खेळण्यासाठी लंडनला राहण्याचा वा येण्याचा खर्च त्यांस परवडेना, म्हणून ते स्पर्धेतून निघून गेले. एकही गोल न स्वीकारता, एकही सामना न हरता हा संघ बाद झाला. स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी अंतराने निकाल दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या स्पर्धेचे अधिकृत नाव आजही 'चॅलेंज कप' असेच आहे. शब्द टिकून अर्थ नाहीसा होण्याची उदाहरणे आम्ही वर्गात नेहमी देतो. त्यांत ह्याची भर घालता येईल. मूळ कल्पना अशी होती की, गतविजेत्या संघाने थेट अंतिम सामन्यातच उतरावे, इतरांनी आपसात लढून त्याला आव्हान द्यावे, आणि हा सामना कोठे व्हावा हेही गतविजेत्यानेच ठरवावे. हा अधिकार प्रत्यक्षात एकदाच, १८७३ साली वापरला गेला. तो वापरणारा संघ वांडरर्स, म्हणजे नावाप्रमाणेच 'भटके'. त्यांस स्वतःचे मैदान नव्हते! मैदान निवडण्याचा हक्क मिळालेल्या एकमेव विजेत्याला स्वतःचे घर नसावे हा योगायोग मोठा गमतीचा आहे. त्यांनी लिली ब्रिज हे मैदान निवडले व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघास २-० असे हरविले. त्यानंतर ही पद्धत सोडून देण्यात आली; 'चॅलेंज' हा शब्द मात्र राहिला.

तथापि 'सर्वांसाठी समान' अशा मैदानाचा खरा कस लागला तो १८७९ साली. अखेरच्या फेऱ्यांचे सामने लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवरच व्हावेत असा त्या काळी नियम होता. नियमाची भाषा निःपक्षपाती होती. ओव्हल कोणत्याच स्पर्धक संघाचे मैदान नव्हते. त्या वर्षी लँकेशायरमधील डार्वेन ह्या गिरणगावाचा संघ उपांत्यपूर्व फेरीस पोचला. त्याची गाठ पडली ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी. एका बाजूस गिरणीकामगार, दुसऱ्या बाजूस लंडन परिसरातील सुखवस्तू गृहस्थ. आणि डार्वेनहून लंडन सुमारे दोनशे मैल. पहिल्या सामन्यात डार्वेनचा संघ १-५ असा मागे पडला असता अखेरच्या काही मिनिटांत चार गोल करून त्याने ५-५ अशी बरोबरी केली. जादा वेळ खेळण्यास इटोनियन्सनी नकार दिला. फेरसामना डार्वेन येथे खेळण्याचीही त्यांची तयारी नव्हती, आणि नियम त्यांच्याच बाजूने होता. गावात वर्गणी गोळा झाली, संघ दुसऱ्यांदा लंडनला गेला आणि २-२ अशी बरोबरी घेऊन परतला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा २-६ असा हरला. इटोनियन्सनी त्या वर्षी चषक जिंकला.

ह्या प्रसंगातून जो बोध होतो तो केवळ गरीब-श्रीमंतांचा नाही. तटस्थ मैदान नावाची वस्तू नकाशावर नसते; ती दोन ठिकाणांमधील अंतरांवर अवलंबून असते. एकाला घोडागाडीने पोचता येते आणि दुसऱ्याला मजुरी बुडवून रेल्वेने जावे लागते, ते मैदान कागदावर कोणाचेही नसले तरी व्यवहारात कोणाचे तरी असतेच. उत्तरेकडील संघांचे सामर्थ्य वाढले तसा हा नियम टिकणे अशक्य झाले. १८८२ मध्ये एक उपांत्य सामना हडर्सफील्ड येथे झाला, आणि १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओव्हलवरच ओल्ड इटोनियन्सना हरवून चषक उत्तरेस नेला.

पुढे जो नियम स्थिर झाला तो सर्वपरिचित आहे. पिशवीतून क्रमांकाच्या गोट्या काढावयाच्या. ज्याची गोटी आधी निघेल तो यजमान, नंतर निघेल तो पाहुणा. उपांत्य व अंतिम सामने तेवढे तटस्थ मैदानावर. येथे भाषेच्या अभ्यासकास दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, इंग्रजी कार्यक्रमपत्रिकेत संघांची नावे ज्या क्रमाने येतात त्या क्रमातच मैदानाचा हक्क सामावलेला असतो. मराठीत आपण 'अमक्यांकडे' असा प्रत्यय लावून यजमान सांगतो. तेथे प्रत्यय नाही, केवळ स्थान आहे. अमेरिकेतील प्रघात नेमका उलट, पाहुणा आधी व यजमान मागून. दुसरी गोष्ट 'ड्रॉ' ह्या शब्दाची. सोडतीलाही ड्रॉ म्हणतात आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यालाही ड्रॉच. ह्या दोन ड्रॉंचा परस्परसंबंध हाच आपल्या विषयाचा गाभा आहे, कारण पहिल्या ड्रॉने ज्याला मैदान नाकारले त्याला दुसऱ्या ड्रॉने ते मिळवून दिले.

फेरसामन्याचा नियम असा होता की, सामना बरोबरीत सुटल्यास तो पाहुण्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळावा. न्याय होता, पण सशर्त. पाहुण्याने आधी परक्या मैदानावर हार टाळली पाहिजे. तेवढे जमले की पारडे फिरे. १९७२ साली हियरफर्ड युनायटेड ह्या फुटबॉल लीगबाहेरच्या संघाने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर २-२ असे रोखले आणि आपल्या गावच्या चिखलात २-१ असे हरविले. फेरसामना नसता तर त्या दिवशी न्यूकॅसलच्या मैदानावरच जादा वेळेत काय ते ठरले असते.

उलट, फेरसामना नाही, सोडतीचा कौल पाहुण्यास अनुकूल नाही, म्हणजे काय होते ह्याचे चित्र येओव्हिल टाउनच्या उदाहरणात दिसते. १९४९ च्या जानेवारीत आपल्या प्रसिद्ध उतरत्या मैदानावर ह्या लहान संघाने सन्डरलंडला २-१ असे हरविले. पुढील फेरीत सोडतीने त्याला मँचेस्टर युनायटेडकडे पाठविले आणि ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे तो ०-८ असा हरला. दोन आठवड्यांत संघ बदललेला नव्हता.

संपूर्ण समतेचा प्रयोगही एकदा झाला. युद्धानंतरच्या १९४५-४६ च्या हंगामात नियमित लीग सुरू झालेली नसल्यामुळे पहिल्या फेरीपासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत प्रत्येक जोडीने दोन्ही मैदानांवर एकेक सामना खेळावा आणि गोलांची बेरीज धरावी असे ठरले. स्वमैदानाचा लाभ कितपत भरवशाचा, ह्याची परीक्षाच त्या वर्षी झाली. ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू हा संघ मँचेस्टर सिटीकडून आपल्या मैदानावर १-३ असा हरला व त्यांच्या मैदानावर ८-२ असा जिंकला. चार्ल्टन तर वाटेत एक सामना हरूनही अंतिम फेरीस पोचला. बाद स्पर्धेत बाद न होण्याचा हा चमत्कारच. त्याच वर्षी ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन व स्टोक ह्यांच्यातील दुसऱ्या सामन्यास बर्न्डन पार्कवर लोटलेल्या गर्दीत ३३ माणसे मृत्युमुखी पडली. लीग पूर्ववत् सुरू होताच ही द्विसामना पद्धत बंद झाली.

आता सोडतीविषयी. १९३५ साली बी. बी. सी.ने ती प्रथम रेडिओवरून ऐकविली. असोसिएशनचे चिटणीस स्टॅन्ली राउस ह्यांस पिशवी नीट हलवावयास सांगण्यात आले होते, गोट्यांचा खडखडाट श्रोत्यांस ऐकू जावा म्हणून. तरीही 'अमक्याला नेहमी घरचेच सामने मिळतात' ही तक्रार कधी थांबली नाही. तिच्यात एक गणिती चकवा आहे. वरच्या दोन श्रेणींतील ४४ संघ तिसऱ्या फेरीत उतरतात; तेथून उपांत्य फेरीपर्यंत चार सोडती. चारही वेळा यजमानपद मिळण्याची शक्यता सोळांत एक, आणि चारही वेळा न मिळण्याचीही तेवढीच. हे झाले सोडतीपूर्वीचे. उपांत्य फेरीस पोचलेल्यांचीच गणती केली तर चित्र बदलते. उदाहरणादाखल धरू की, तुल्यबळ संघांत यजमान शंभरांपैकी साठ वेळा पुढे जातो. मग पोचलेल्यांपैकी चारही सामने घरी खेळलेले शंभरांत सुमारे तेरा निघतील, आणि चारही बाहेर खेळलेले तीनही नाहीत. गोट्या प्रामाणिकच असतात. पाहुणे गळालेले असतात म्हणून उरलेले भाग्यवान दिसतात. १९९० साली मँचेस्टर युनायटेडने घरी एकही सामना न खेळता चषक जिंकला, ही गोष्ट लक्षात राहते ती ह्या दुर्मीळपणामुळेच.

संधीची समता आणि स्थितीची समता ह्यांतील हा भेद इतर देशांनी निराळ्या रीतीने सोडविला आहे. फ्रान्सच्या चषकात दुसऱ्यांदा निघालेला संघ दोन वा अधिक श्रेणी खालचा असेल तर सामना त्याच्याकडे हलविला जातो. जर्मनीत हौशी संघ व्यावसायिक संघाशी स्वतःच्याच मैदानावर खेळतो. इंग्लंडने हे केले नाही. लेखकाच्या मते ह्याचे कारण पैशात शोधले पाहिजे. एफ. ए. कपमध्ये सामन्याचे निव्वळ उत्पन्न दोन्ही संघांत सारखे वाटले जाते. त्यामुळे लहान संघास खेळाच्या दृष्टीने घर हवे असते, आणि तिजोरीच्या दृष्टीने परघर. २००३ साली फार्नबरो टाउनला आर्सेनलविरुद्ध यजमानपद मिळाले असता सामना आर्सेनलच्या हायबरी मैदानावर नेण्यात आला. फार्नबरो १-५ असा हरला, आणि ह्या बदलावर बरीच टीका झाली. एक्सेटर सिटीचे भाग्य अधिक सरळ. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर सदुसष्ट हजार प्रेक्षकांपुढे ०-० असे रोखले व फेरसामना आपल्या गावी ०-२ असा गमावला. परंतु ह्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जात बुडालेल्या त्या संघास हात दिला. सोडतीने एकालाच एक गोष्ट दिली असती. फेरसामन्याने दोन्ही दिल्या.

हा नियम हळूहळू आटत गेला. पूर्वी निकाल लागेपर्यंत फेरसामने होत. १९५५ साली स्टोक व बरी पाच वेळा खेळले. १९९१-९२ पासून एकच फेरसामना व त्यानंतर पेनल्टी किक ठेवण्यात आल्या. २०१६-१७ पासून उपांत्यपूर्व फेरीतील आणि त्यानंतर लवकरच पाचव्या फेरीतील फेरसामने गेले. २०२४ च्या एप्रिलमध्ये असोसिएशनने पहिल्या मुख्य फेरीपासून पुढचे सर्वच फेरसामने रद्द केल्याचे जाहीर केले. मोठ्या संघांच्या युरोपीय सामन्यांची वाढलेली गर्दी हे कारण दिले गेले, आणि खालच्या श्रेणींतील अनेक संघांनी निषेध नोंदविला.

नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात, १२ जानेवारी २०२५ रोजी, पाचव्या श्रेणीतील टॅमवर्थ संघाने टॉटनहॅमला आपल्या लहानशा मैदानावर नव्वद मिनिटे ०-० असे रोखून धरले. वर्षभरापूर्वी असते तर पंचांची शिटी वाजताच टॅमवर्थला लंडनच्या साठ हजारांच्या क्रीडागारातील फेरसामना आणि त्याच्या उत्पन्नाचा वाटा मिळाला असता. आता तेथेच जादा वेळ सुरू झाला. अर्ध्या तासात टॉटनहॅमने तीन गोल केले.